लॅपटॉप : बिघाड, दुरुस्ती व हाताळणी (नारायणगुडा, हैदराबाद)

घडी घालता येणारा, अंगच्या बॅटरीवर चालणारा व्यक्तिगत संगणक म्हणजे लॅपटॉप. मेजावरच्या संगणकात जे भाग सुटे असतात, ते येथे एकाच पातळ पेटीत दाटीने बसवलेले असल्यामुळे एका भागातील दोष पुष्कळदा दुसऱ्याच भागाच्या तक्रारीतून उघड होतो. बोट फिरवण्याची पट्टी (टचपॅड) अचानक दाबली जाईनाशी झाली, तर पट्टीपेक्षा तिच्याखाली फुगलेल्या बॅटरीचा संशय आधी घ्यावा लागतो.

परिसर : नारायणगुडा ही हिमायतनगर, काचीगुडा व चिक्कडपल्ली यांना लागून असलेली वस्ती असून मराठी वाचकाला तिची ओळख केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) यांच्या नावाने पटते. मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन वकिली करणारे व पुढे तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले कोरटकर हे विवेकवर्धिनी या मराठी शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक होत. त्यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये स्थापन झालेल्या केशव मेमोरियल शिक्षणसंस्थेने २००७ मध्ये नारायणगुड्यात तंत्रज्ञान महाविद्यालय काढले आणि तेथे भर संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानावर असल्याने लॅपटॉप ही या वस्तीतील विद्यार्थ्यांची नित्याची वस्तू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या मेट्रो मार्गावर नारायणगुड्याचे पुढचे स्थानक सुलतान बाजार हे असून तेथून जवळच कोठीतील गुजराती गल्ली हा विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार आहे. उलट दिशेला सिकंदराबादेत पार्कलेनवरील चिनॉय ट्रेड सेंटर ही संगणकांची जुनी पेठ आहे.

निदान : वीज कोठपर्यंत पोचते हे पायरीपायरीने पाहणे, हे निदानाचे पहिले सूत्र होय. दुरुस्तीच्या दुकानांत ‘डेड’ व ‘नो डिस्प्ले’ असा भेद करतात. ‘डेड’ यंत्रात दिवाही लागत नाही, तर ‘नो डिस्प्ले’ यंत्रात दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. पहिल्या प्रकारात सॉकेट बदलून, चार्जरवर छापलेला दाब (बहुधा १९ ते २० व्होल्ट) मल्टिमीटरने प्रत्यक्ष मिळतो का हे पाहावे, आणि तो मिळत असेल तर दोष चार्जरच्या पुढे, पिन बसते त्या खाचेत किंवा मदरबोर्डवर आहे असे समजावे. तत्पूर्वी चार्जर काढून चालू करण्याची कळ १५ ते ३० सेकंद दाबून ठेवल्यास मंडलात उरलेला विद्युत् भार निचरून जातो आणि काही यंत्रे एवढ्यानेच जागी होतात. दुसऱ्या प्रकारात बाहेरचा मॉनिटर जोडावा : चित्र तेथे उमटले तर दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये, न उमटले तर रॅम काढून, तिचे संपर्क पुसून पुन्हा बसवून पाहावी, मात्र अलीकडच्या पातळ यंत्रांत रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असल्याने हा उपाय तेथे लागू पडत नाही. काही मिनिटे चालून आपोआप बंद पडणारे यंत्र बहुधा तापलेले असते. उन्हाळ्यात हैदराबादचे तापमान ४० अंश सेल्सिअसपलीकडे जात असल्याने जाळीतील धूळ व सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर व उष्णतावाहक पट्टी यांमधील लेप) येथे अधिक लवकर जाणवते. धूळ हवेने उडवताना पंख्याचे पाते धरून ठेवावे.

चहा सांडल्यास वीज तत्काळ तोडून यंत्र पालथे करावे व उघडून स्वच्छ होईपर्यंत चालू करू नये, कारण हानी पाण्यापेक्षा वीज वाहत असताना होणाऱ्या गंजाने व साखरेच्या थराने अधिक होते. तांदळाच्या डब्यात यंत्र ठेवण्याचा घरगुती उपाय साखरेपुढे निरुपयोगी आहे.

पडदा व कळफलक : हे भाग सहसा दुरुस्त न करता बदलले जातात.

बॅटरी : लिथियम-आयन घट सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला आणि त्यामागील संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका घटाचा सरासरी दाब सुमारे ३.६ ते ३.७ व्होल्ट व पूर्ण भरल्यावर बहुधा ४.२ व्होल्ट असतो. म्हणून तीन घटांच्या माळेवर ११ व्होल्टच्या आसपासचा आकडा छापलेला आढळतो. दाब व अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास, ११.४ व्होल्ट व ४.२ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ४८ वॉट-तासांची ठरते. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, पण सुटी बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते. उष्णता, अतिभरण व वय यांमुळे आतील विद्युत् अपघटनी द्रवाचे विघटन होऊन वायू साठतो व पाकीट फुगते. अशी बॅटरी पुन्हा भरू नये, दाबून बसवू नये, टोचू तर मुळीच नये. घटात आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका केवळ पुस्तकी नाही. २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीचे घट असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. चार्जर सतत जोडलेला ठेवावा की नाही, याविषयी मतभेद आहेत. भरण ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक उत्पादक देतात, ती वापरणे श्रेयस्कर.

साहाय्य : वॉरंटी असेपर्यंत यंत्र अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे द्यावे व जॉबशीटवर अनुक्रमांक, तक्रार आणि आधीचे ओरखडे नोंदवून घ्यावेत. बाहेर उघडलेल्या यंत्राची वॉरंटी राहते की जाते, हे करारातील शब्दांवर अवलंबून असते. मदरबोर्डवरील एखादाच घटक बदलण्याच्या कामाला दुकानांच्या पाट्यांवर ‘चिप लेव्हल’ म्हणतात. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा पूर्ण मदरबोर्डच बदलला जातो, म्हणून वॉरंटी सरल्यावर ही दुकाने स्वस्त पडतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ असून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. इंटरनेटवर सापडलेल्या क्रमांकावरचा ‘कस्टमर केअर’ पडदा पाहू देण्याची गळ घालू लागला, तर तो भामटा समजावा. पैसे गेल्यास १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

विदा : वॉरंटी यंत्राची असते, त्यातील फायलींची नसते. म्हणून यंत्र देण्यापूर्वी प्रत काढावी आणि डिस्क कूटबद्ध (कुलूपबंद) असल्यास तिची रिकव्हरी की वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवावी, कारण मदरबोर्ड बदलल्यावर तीच मागितली जाते.

विल्हेवाट : ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून बॅटरीसाठी २०२२ चेच स्वतंत्र नियम आहेत.