शाळेची हद्द आणि समान संधी : पूर्णा-भिवंडीच्या सीमेवरील माध्यमिक शिक्षण

ठाण्याहून कशेळी, काल्हेर ओलांडून अंजूरफाट्याकडे येणाऱ्या रस्त्यावर पूर्णा हे गाव लागते. गोदामांच्या ओळी, मालमोटारींची अखंड वर्दळ आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब ही या पट्ट्याची आजची ओळख. शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते, हे अनोळखी माणसाला सांगता येणार नाही. शासनाच्या दप्तरात मात्र ती रेषा ठळक आहे. रेषेच्या एका बाजूस भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका आहे, तर दुसऱ्या बाजूस ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि ठाणे जिल्हा परिषद. घरपट्टी कोणाकडे भरायची, पाणी कोणाकडे मागायचे, हे ही रेषा ठरवते. मुलाचे नाव कोणाच्या शाळेत नोंदवायचे, हा प्रश्नही बहुतांशी तिच्यावरच अवलंबून असतो.

'शाळेची हद्द' हा शब्दप्रयोग मराठी पालकांच्या रोजच्या बोलण्यात नाही. अमेरिकेत शाळा-जिल्ह्यांच्या सीमा आखलेल्या असतात. घर कोणत्या रेषेत पडते त्यावर मुलाची शाळा ठरते आणि पुष्कळदा घराची किंमतही. आपल्याकडे असा नकाशा कोणी भिंतीवर लावत नाही. तरीही हद्दीचे वाद आहेत. ते व्यवस्थापनांच्या हद्दीचे आहेत, इयत्तांच्या हद्दीचे आहेत आणि २०१० नंतर किलोमीटरच्या हद्दीचेही आहेत.

भिवंडीची नगरपालिका १८६४ सालची. महानगरपालिका झाली ती २००१च्या डिसेंबरात. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाख ९ हजार ६६५ भरली. यंत्रमागांमुळे उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली, म्हणून या शहरात शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्नही मराठी आणि उर्दू एवढ्यावर थांबत नाही. शहराभोवतीच्या पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, दापोडे, मानकोली या गावांत पुढे गोदामे उभी राहिली आणि त्यांच्या मागोमाग हमाल, चालक, पॅकिंग कामगार यांची वस्ती वाढली. २००७ साली भिवंडीभोवतालच्या अनेक गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. परिणामी जमिनीचा वापर एक यंत्रणा ठरवते, शाळा दुसरी चालवते आणि कर तिसरी गोळा करते. शाळेसाठी भूखंड राखून ठेवणारी संस्था आणि त्यावर शाळा बांधणारी संस्था एक नसल्यावर आरक्षण कागदावर राहण्याचा धोका वाढतो, हे सांगण्यास नियोजनतज्ज्ञ लागत नाही.

प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे देण्याची परंपरा मुंबई इलाख्यातील १९२३च्या कायद्याइतकी जुनी आहे. त्यानंतर १९४७चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम आला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. माध्यमिक शिक्षणाचा मार्ग वेगळा होता. हायस्कुले काढली ती मुख्यतः खासगी शिक्षणसंस्थांनी. शासनाने त्यांना अनुदान दिले. म्हणून महाराष्ट्रात 'सरकारी हायस्कूल' ही वस्तू दुर्मीळ आहे. सातवी किंवा आठवीपर्यंत मूल जिल्हा परिषदेचे अथवा महापालिकेचे असते. त्यानंतर ते एखाद्या संस्थेच्या दारात उभे राहते. ही संस्था अनुदानित असली तरी तिची पटसंख्या, तुकड्या आणि वर्गखोल्या मर्यादित असतात.

इयत्तांची हद्द हीच पहिली आणि सर्वांत जुनी कटकट. राज्यात चौथीपर्यंत एक शाळा, सातवीपर्यंत दुसरी आणि पाचवी ते दहावी तिसरी, अशी सरमिसळ होती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी रचना आली. तिच्याशी जुळवून घेण्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळांना पाचवीचे व आठवीचे वर्ग जोडण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. कागदावर ही सरळ दुरुस्ती होती. खासगी माध्यमिक शाळांना मात्र तो पटावरचा घाला वाटला, कारण पाचवीचा किंवा आठवीचा वर्ग गेला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. २८ ऑगस्ट २०१५चे संचमान्यतेचे निकष आणि १५ मार्च २०२४चे सुधारित निकष यांवरून जो असंतोष उसळला त्याचे मूळही विद्यार्थिसंख्येला बांधलेल्या शिक्षकपदांत आहे. वाद शिक्षकांच्या नोकरीचा दिसतो. त्याच्या पोटात 'हे मूल कोणाच्या पटावर' हा हद्दीचाच प्रश्न असतो.

पालकाच्या दृष्टीने याहून गंभीर बाब अशी, की कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे या वयोगटापुरते आहे. आठवी पूर्ण झाली की नववीतील प्रवेशाचा हक्क या कायद्यातून मिळत नाही. २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने प्रत्येक वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा आणि सात ते दहा किलोमीटरच्या आत उच्च माध्यमिक शाळा असावी, असे उद्दिष्ट ठेवले होते. उद्दिष्ट आणि हक्क यांत फरक आहे. उद्दिष्ट चुकले तर त्याची नोंद अहवालात होते, हक्क नाकारला गेला तर पालकाला दाद मागता येते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा या वयाचा विचार केला खरा, पण त्यामुळे मूळ कायद्यातील वयोमर्यादा बदललेली नाही.

पाच किलोमीटर हे अंतरही सर्वत्र सारखे नसते. घाटावरच्या शांत खेड्यातील पाच किलोमीटर आणि अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेतून चालण्याचे दोन किलोमीटर यांत मुलीच्या आईला कोणते जवळचे वाटेल, हे निकष ठरवणाऱ्यांनी विचारात घेतलेले दिसत नाही. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो. हा लाभ चांगला, पण एस.टी.पुरता. शहराला चिकटलेल्या गावांतून मुले पुष्कळदा रिक्षाने किंवा अन्य वाहनाने जातात आणि तेथे तो पास कामाचा नाही.

आता किलोमीटरची हद्द. महाराष्ट्राच्या २०११च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे 'शेजार' मानले गेले. शेजारशाळा ही संकल्पना नवी नव्हती. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने ती समान शाळा पद्धतीचा पाया म्हणून मांडली होती : वस्तीतील सर्व थरांतील मुले एकाच शाळेत जावीत. २००९च्या कायद्यात ही कल्पना खूपच आक्रसून आली. कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा शेजारच्या वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्याची प्रतिपूर्ती शासनाने करायची. सर्वांसाठी एक शाळा राहिली बाजूला. उरला तो चौथा हिस्सा.

तेवढ्या हिश्शासाठीही झुंबड उडते. २०२३ साली राज्यात सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले. ऑनलाइन सोडतीत एक किलोमीटरच्या आतील अर्जाला प्राधान्य, त्यानंतर एक ते तीन किलोमीटर. हे अंतर नकाशावर घराचे स्थान दर्शवून मोजले जाते, त्यामुळे खूण काही मीटर इकडेतिकडे झाली तर प्रवेश हुकतो. भाडेकरार, वीजबिल, शिधापत्रिका यांची छाननी होते. गोदामाजवळच्या चाळीत तोंडी बोलीवर राहणाऱ्या कामगाराकडे नोंदणीकृत भाडेकरार क्वचितच असतो. ज्याच्यासाठी राखीव जागा आहे त्याच्याकडेच पत्त्याचा पुरावा नाही, अशी ही अडचण. एक गोष्ट मात्र या वर्तुळाच्या बाजूने सांगावी लागेल : ते महापालिका आणि ग्रामपंचायत यांची सीमा ओळखत नाही. गावातील मुलाला शहरातील शाळेत आणि शहरातील मुलाला गावातील शाळेत अंतराच्या निकषावर अर्ज करता येतो.

याच वर्तुळावर २०२४ साली मोठा वाद झाला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियमांत दुरुस्ती केली. शासकीय किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर तेथील खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट देण्यात आली. खर्चाची बचत आणि ओस पडणाऱ्या सरकारी शाळांना पट, अशी दोन्ही कारणे त्यामागे दिसत होती. प्रतिपूर्तीची रक्कम थकल्याची खासगी शाळांची तक्रार तर वर्षानुवर्षांची. दुरुस्तीमुळे सोडतीतील जागांचा आकडा आठ लाखांच्या वर गेला, कारण सरकारी व अनुदानित शाळाच त्यात आल्या. पालकांनी मात्र पाठ फिरवली आणि अर्जांची संख्या घसरली. जिल्हा परिषदेच्या शाळेत सोडतीविनाही प्रवेश मिळतो, मग अर्ज कशासाठी, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

पूर्णासारख्या दाट पट्ट्यात या दुरुस्तीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. विरळ वस्तीत एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा नसण्याची शक्यता असते. शहर आणि गाव जेथे एकमेकांत मिसळले आहेत तेथे कोणती ना कोणती शाळा त्या वर्तुळात येणारच. म्हणजे खासगी शाळा ज्या भागात सर्वाधिक, त्याच भागात सूटही सर्वाधिक मिळाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली. मूळ कायद्याने घातलेले बंधन नियम करून काढता येत नाही, हा निकालाचा गाभा. मधल्या काळात खासगी शाळांनी दिलेले प्रवेश न्यायालयाने कायम राखले, मात्र २५ टक्के जागांचे दायित्वही कायम ठेवले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कर्नाटकात २०१८ साली असाच बदल झाला होता आणि तेथील उच्च न्यायालयाने २०१९ साली तो मान्य केला होता. त्यामुळे मुंबईच्या निकालाकडे अन्य राज्यांचेही लक्ष होते.

या वादांची अमेरिकेतील वादांशी तुलना केली तर साम्य आणि भेद दोन्ही उद्बोधक आहेत. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात एजवुड आणि अलामो हाइट्स हे दोन शाळा-जिल्हे काही मैलांच्या अंतरावर. शाळांचा पैसा बराचसा स्थानिक मालमत्ता-करातून येत असल्याने श्रीमंत वस्तीच्या शाळांत दर विद्यार्थ्यामागे ५९४ डॉलर, तर गरीब वस्तीत ३५६ डॉलर खर्च होत होते. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही विषमता संघराज्याच्या घटनेचा भंग करणारी नाही, असे ठरवले. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, वर्णभेद मोडण्यासाठी शहराची व उपनगरांची शाळाहद्द एकत्र करण्यास नकार मिळाला. उपनगराची सीमा ही तेथे भिंत ठरली. इंग्लंडमध्ये १९८९च्या ग्रिनिच निकालाने उलट दिशा घेतली : शेजारच्या पालिकेत राहतो एवढ्याच कारणावरून मुलाला मागे ठेवता येणार नाही, असे तेथील न्यायालयाने म्हटले.

महाराष्ट्रात विषमतेचे मूळ मालमत्ता-करात नाही. गोदामांपासून मिळणारा कर ग्रामपंचायतीकडे जातो, परंतु शिक्षकांचे वेतन ग्रामपंचायत देत नाही. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून येते. त्यामुळे कर देणारी गोदामे शेकड्यांनी असलेल्या गावातील शाळेचा शिक्षकवर्ग त्या कराने वाढत नाही. भिंतीला रंग, शौचालय, संगणक एवढ्यापुरता ग्रामनिधी उपयोगी पडतो. येथे खरी दरी अनुदानित, अंशतः अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित या वर्गवारीत आहे. २००१ साली नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ साली त्यातील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला, पण अनुदान टप्प्याटप्प्याने, वीस टक्क्यांच्या हिशेबाने आले. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा त्यानंतरचा. तो झाल्यावर नव्या शाळा मुख्यतः याच प्रकारात निघू लागल्या. नव्याने वसलेल्या उपनगरी पट्ट्याच्या वाट्याला म्हणूनच जुन्या शहरापेक्षा अनुदानित हायस्कूल कमी आणि शुल्क घेणारी शाळा अधिक येते. हा दोष कोणा एका संस्थेचा नाही. वस्ती उशिरा वाढली आणि अनुदानाचे दार आधीच बंद झाले होते.

या पोकळीत अनधिकृत शाळा उगवतात. मान्यतेविना शाळा चालवणाऱ्यास कायद्याच्या कलम १८ नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही चालू ठेवल्यास दररोज दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठाणे जिल्ह्यात अशा शाळांच्या याद्या वेळोवेळी प्रसिद्ध होतात. यादी हाती येईपर्यंत शुल्क भरून झालेले असते, हा पालकांचा अनुभव.

गावे महापालिकेत घेतल्याने प्रश्न सुटेल काय? कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचा इतिहास पाहिला तर उत्तर सावधपणे द्यावे लागते. ही गावे पालिकेत आली, २००२ साली वगळली गेली, २०१५ साली पुन्हा आली. २०२० साली त्यांतील १८ गावे वेगळी करण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयात तो टिकला नाही. पुण्यातही २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत घेण्यात आली. गावाची हद्द अधिसूचनेने एका दिवसात बदलते. शाळेची इमारत, तिचा सातबारा, शिक्षकांची सेवाज्येष्ठता आणि त्यांच्या वेतनाचे दायित्व एका दिवसात बदलत नाही. शिवाय माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्याच राहतात. त्यांवर हद्दवाढीचा परिणाम जवळजवळ शून्य.

कायद्याच्या कलम ९ने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणावर आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याचे आणि स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देण्याचे कर्तव्य टाकले आहे. सीमेवरच्या वस्तीत याचीच कसोटी लागते. यंत्रमागाचे काम सुटले म्हणून शहरातील खोली सोडून गोदामाच्या कामासाठी दोन किलोमीटरवर राहायला गेलेले कुटुंब महापालिकेच्या नोंदीतून जाते आणि जिल्हा परिषदेच्या नोंदीत यायला वेळ लागतो. मूल सातवीत असेल, शिकण्याचे माध्यम उर्दू किंवा तेलुगू असेल, तर नव्या पत्त्याजवळ त्या माध्यमाची शाळा असेलच असे नाही. मग जुनीच शाळा चालू ठेवायची, रिक्षाचे भाडे सोसायचे किंवा माध्यम बदलायचे, एवढेच पर्याय उरतात. मुलगी असेल आणि वय तेरा-चौदा असेल, तर चौथाही एक पर्याय घरात बोलला जातो. त्याची नोंद 'गळती' या शब्दाखाली होते.