तारेची मुदत

गिटार शिकवणाऱ्या गुरूपासून तारा विकणाऱ्या दुकानदारापर्यंत ज्याला त्याला विचारावे आणि ज्याने त्याने आपापल्या पंचांगातून निराळाच मुहूर्त काढून द्यावा, अशी गिटारच्या तारा बदलण्याच्या प्रश्नाची आज अवस्था आहे. कोणी महिन्याला म्हणतो, कोणी तीन महिन्यांनी, कोणी हिशेबी गृहस्थ वादनाचे १०० तास मोजून ठेवतो. मैफलींवरच ज्याचे पोट चालते असा एखादा वादक तर प्रत्येक मैफलीला नवा संच चढवतो. या उत्तरांत एकवाक्यता नाही याचे मला विशेष नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे की, हा प्रश्नच मुळी वाद्याच्या वयाच्या मानाने अगदी अलीकडचा आहे. स्पेन, इटली, फ्रान्स या देशांत हे वाद्य शतकानुशतके वाजत आले, परंतु तार केव्हा बदलावी हे ठरवण्याचा अखत्यार त्या दीर्घ काळात वादकाकडे नव्हताच. तो तारेकडे होता, आणि तुटून ती तो बजावीत असे.

ती तार तातीची होती. कोकराचे आतडे धुऊन, खरवडून, क्षाराच्या पाण्यात मुरवून, त्याच्या ओल्या वाद्या एकत्र पिळून, ताणून वाळवल्या आणि घासून गुळगुळीत केल्या म्हणजे ती तयार होई. आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीला आणि सारंगीला जी तात लागते तिच्याच कुळातली. हे कसब मेंढपाळांच्या मुलखात रुजावे हे ओघानेच आले. इटलीच्या अब्रुत्सो प्रांतातील साल्ले हे डोंगराळ खेडे तर पिढ्यान् पिढ्या याच धंद्यावर जगले, आणि तेथील १६८० सालच्या बाप्तिस्म्याच्या एका नोंदीत डॅडारिओ घराण्यातील पुरुषाचा व्यवसाय तारा वळण्याचा म्हणून लिहिलेला आहे. त्याच घराण्याचे वंशज १९०५ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथे जाऊन स्थायिक झाले. आज जगातील अग्रगण्य तारा-कारखानदारांत त्यांची गणना होते.

तातीचा स्वर मधुर खरा, पण तिचा स्वभाव लहरी. हवेतील ओल शोषून ती फुगे, कोरड्या हवेत आकसे, आणि सर्वांत बारीक अशी पहिली तार तर तुटण्याच्या सीमेवरच ताणलेली असे. जुन्या शिक्षणग्रंथांतून नवशिक्याला सांगितलेले असे की, पहिली तार तिला सोसेल तितकी चढवावी आणि बाकीच्या तिच्या अनुरोधाने जुळवाव्या. गिटारची थोरली बहीण शोभावी अशा ल्यूट या वाद्याचीही हीच कथा. १६१० साली लंडनमध्ये रॉबर्ट डौलंड याने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा विख्यात पिता जॉन डौलंड याने तारांची पारख कशी करावी याचे सविस्तर विवेचन केले आहे. त्या काळची परीक्षा मोठी सुबोध होती: तार दोन्ही हातांत ताणून धरावी, बोटाने छेडावी, आणि तिच्या कंपनात दोन स्वच्छ रेषा दिसल्या तर ती घ्यावी; रेषांचा गोंधळ दिसला तर तार खोटी, कोठे जाड कोठे बारीक, ती कधी सुरात लागायची नाही. थॉमस मेस या इंग्रज वादकाने १६७६ च्या आपल्या ग्रंथात तर असा उपाय सुचवला आहे की, दिवसा ल्यूट रोज वापरातल्या बिछान्यात पांघरुणाखाली ठेवून द्यावी, म्हणजे तारा कमी तुटतात! आज आपण यावर हसू. पण तारेमागून तार तुटण्यात ज्याची मिळकत जात होती, त्याला ही तजवीज हास्यास्पद वाटली नसावी. माटेझोन नावाच्या जर्मन ग्रंथकाराने १७१३ साली ल्यूटवादकांची थट्टा केली ती याच दुःखावर बोट ठेवून: ८० वर्षे जगलेल्या वादकाची ६० वर्षे सूर जुळवण्यातच गेली असतील, असा त्याचा हिशेब होता.

मात्र या थट्टेच्याही आधी, सतराव्या शतकात, एक असा बदल घडला होता की, ज्यात आजच्या प्रश्नाचे बीज आहे. खर्जाच्या स्वरासाठी तात फार जाड करावी लागे आणि जाड तात मुकी वाजे. तेव्हा बारीक तातीवर किंवा रेशमाच्या गाभ्यावर धातूची तार गुंडाळून, जाडी न वाढवता वजन वाढवण्याची युक्ती निघाली. लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याने १६६४ साली तिची जाहिरातच केलेली आढळते. पुढे गिटारच्या खालच्या तीन तारा रेशमावर रुपेरी किंवा तांब्याची तार गुंडाळूनच होऊ लागल्या. ही गुंडाळलेली तार तातीसारखी अवचित तुटत नाही. ती न तुटताच, जागच्या जागी, आपला आवाज गमावते. तुटलेली तार निकाल स्वतः देते. निस्तेज झालेल्या तारेचा निकाल मात्र कोणीतरी द्यावा लागतो.

हा निवाडा सहाही तारांच्या बाबतीत वादकाच्या गळ्यात पडला तो दुसऱ्या महायुद्धाने. जखमा शिवण्यासाठी तातीची मागणी वाढली, युरोपातील पुरवठा आटला, आणि आंद्रेस सेगोव्हियासारख्या श्रेष्ठ वादकालाही मैफलीजोग्या तारांची भ्रांत पडली. ड्यूपाँट कंपनीने नायलॉनची घोषणा १९३८ साली केलेली होती. बायकांच्या मोज्यांतून आणि लष्कराच्या सामानातून तो जिन्नस सर्वत्र पसरला होता. न्यूयॉर्कमध्ये राहणारा डॅनिश वंशाचा वाद्यकार आल्बर्ट ऑगस्टीन याने त्यापासून गिटारची तार सिद्ध करण्याचा ध्यास घेतला, सेगोव्हियाच्या कानांनी तिची परीक्षा झाली, आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायलॉनच्या तारा बाजारात आल्या. ओल त्यांना तातीइतकी बाधत नाही, आणि वरच्या तीन तर महिनोन्‌महिने टिकतात.

पोलादी तारेचा वंश वेगळा. १८३३ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या मार्टिन या गिटारकारांच्या पेढीने, हवाई बेटांच्या संगीताचे वेड देशभर पसरल्यानंतर, १९२२ च्या सुमारास पोलादी तारांसाठीच बांधलेली गिटार नियमाने काढण्यास प्रारंभ केला. पोलादाला ताण सोसतो, पण घाम सोसत नाही. वादकाच्या बोटांचे क्षार, तेल आणि त्वचेचे सूक्ष्म कण गुंडाळीच्या फटींत साचतात; त्यामुळे तारेचे कंपन लवकर विरते, आणि सर्वांत आधी मरतात ते उंच स्वरांश, ज्यांमुळे नव्या तारेला तो झळाळ असतो. खालच्या अंगाला पडद्यांचे, म्हणजे फ्रेटचे, खाचे पडतात, गंज चढतो, तारेचे वजन ठिकठिकाणी असमान होते, आणि मग ती कितीही जुळवली तरी वरच्या पडद्यांवर बेसूर बोलते. डौलंडच्या काळची खोटी तार ती हीच. तातीचा तो दोष जन्मजात असे; पोलादी तारेत तो वापराने येतो, एवढाच भेद.

असा हळूहळू येणारा मृत्यू ओळखणे नवशिक्याला कठीण, कारण त्याचा कानही तारेबरोबरच दिवसेंदिवस त्या मंद स्वराला सरावत जातो. मुदतीचा रिवाज पडला तो येथे. पूर्वी तार सुटी विकत घेत आणि जी तुटे तीच बदलत. सहा तारांचे पाकीट रूढ झाल्यावर सहाही एकदम उतरवण्याची चाल पडली. तारा जितक्या लवकर बदलल्या जातील तितका कारखानदाराचा लाभ, हे उघड आहे. म्हणून मुदत सांगणारा कोण हे पाहूनच तिचे वजन ठरवावे. तथापि सगळा दोष कारखानदाराच्या माथी मारणे न्याय्य नव्हे, कारण १९९७ साली अमेरिकेतील गोर कंपनीने एलिक्सर या नावाने तारेवर पातळ लेप चढवून आणला, तो गुंडाळीच्या फटींत मळ शिरू नये म्हणूनच. अशा तारा टिकतात अधिक, आणि त्यांची किंमतही अधिक.

मुदत कशी सापेक्ष आहे हे पाहावयाचे तर बास गिटारच्या दोन वादकांकडे पाहावे. ‘द हू’ या मंडळीतील जॉन एंटविसल याला पियानोसारखा खणखणीत स्वर हवा होता. त्याने १९६६ साली लंडनच्या रोटोसाउंड कारखान्याकडून मनाजोग्या गोल गुंडाळीच्या तारा तयार करवून घेतल्या, आणि तो खणखणाट तर तार नवी आहे तोवरचाच पाहुणा. उलट डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन. ज्याच्या बोटांनी त्या काळच्या असंख्य गाण्यांना पाया दिला, तो हा वादक तार तुटेपर्यंत बदलीतच नसे. मळातच खरी गंमत आहे अशी त्याची श्रद्धा होती. त्याच्या त्या जाड, चपट्या गुंडाळीच्या तारा ला बेला या पेढीच्या, आणि त्या पेढीचे मारी घराणेही मूळचे त्याच साल्ले खेड्यातले.

आपल्याकडे हे वाद्य मुख्यतः गोव्यातून आले, मांडोच्या साथीला वाजले, आणि मुंबईत धोबी तलावावर १८६५ पासून वाद्यांचा व्यापार करणाऱ्या फुर्ताडो पेढीसारख्या दुकानांतून घरोघर पोचले. पण पाकिटावरची मुदत परक्या मुलखातील हवेच्या हिशेबाने ठरलेली असते. मडगावच्या किंवा वसईच्या पावसाळ्यात, खाऱ्या वाऱ्यात, पोलादी तारेवर काही दिवसांतच डाग पडतात, तर तीच तार नागपूरच्या कोरड्या हवेत बराच काळ निर्मळ राहते. म्हणून माझे मत असे की, महिन्यांचा हिशेब सोडून द्यावा. वादन आटोपल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसाव्या. बाराव्या पडद्यावर तार दाबून छेडावी, मग त्याच जागी बोट नुसते टेकवून छेडावी. तार नवी असताना हे दोन स्वर जुळत होते आणि आता जुळत नसतील, तर मुदत उरलेली असो वा नसो, ती उतरवावी. आणि नायलॉनच्या तारा असतील तर वरच्या तिन्हींना उगाच हात लावू नये. आधी थकतात त्या खर्जाच्या, आणि त्या तिघींचा अर्धा संच कारखानदार वेगळा काढतात.