तळ्याकाठची तपासणी

मंडळी, चारठाण्याची बारव आणि तिथली हेमाडपंती देवळे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. त्या जुन्या काळाच्या आसपासचीच एक गोष्ट आधी सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात माशांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, त्याला काय खायला घालावे, गळाला कसा लावावा, हे सारे त्यात आले आहे. राजाचा तो खेळ होता. मासा मेला तर त्याचे काय जाणार? रोगाची खरी काळजी लागते ती बीज विकत घेऊन पाण्यात सोडणाऱ्याला.

आणि असा माणूस आपल्याकडे गावोगाव दिसू लागला तो फार अलीकडे. पूर्वी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पुराच्या वेळी नदीतून गोळा करावे लागे. 1957 साली ओरिसात अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातच अंडी घालविली. तिथून बीज हवे तेव्हा मिळू लागले. चारठाण्याच्या जिंतूर तालुक्यातच पूर्णेवर येलदरीचे धरण झाले. धरण, गावतळे, पुढे शेततळे, असे पाणी वाढत गेले. बोटुकली प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून शंभर-दोनशे कोसांवरून येऊ लागली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण पिशवीतून बोटुकलीबरोबर आणखी काय येते, हे कोण पाहणार?

1988 साली बांगलादेशातून एक रोग आसाम, त्रिपुरा, मेघालयात शिरला. माशाच्या अंगावर आधी तांबडा डाग, मग खोल जखम. मांस सडे, कधी कधी आतले हाडही दिसे. आपली मरळ या रोगाला फार लवकर बळी पडते. लोकांनी बाजारात मासा घेणे सोडले, तेव्हा ज्यांचे मासे धड होते ते भोईही बुडाले. 1991 पर्यंत रोग थेट केरळात पोचला आणि आपला महाराष्ट्रही त्यातून सुटला नाही. कुणी म्हणे हा विषाणू, कुणी म्हणे जिवाणू. खरे मूळ निघाले बुरशीसारखा एक जीव, अफॅनोमायसिस नावाचा. पाऊस सरून पाणी गार झाले की त्याचे फावते. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर 'सिफॅक्स' हे औषध काढले.

पण औषध घालायचे तर रोग तोच आहे हे आधी कळले पाहिजे ना? इथेच सारे अडे. जखमेखालच्या मांसाचा तुकडा काढून प्रयोगशाळेत न्यायचा, त्याचे पातळ काप करून रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू शोधायचे. तज्ज्ञ पाहिजे, दिवस पाहिजेत. मुंबईला 1961 पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे आणि आता उदगीरलाही मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तरीही मेलेला मासा उन्हातून एस.टी.ने नेला तर पोचेपर्यंत कुजतो, आणि कुजलेल्या माशावरून नीट निदान होत नाही. उत्तर येईपर्यंत तळे रिकामे व्हायचे.

हे अंतर तोडायला मदत झाली ती परक्या मुलखातल्या एका शोधाची. 1975 साली केंब्रिजला कोलर आणि मिल्स्टाइन या दोघांनी, एकाच शत्रूला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे उंदराच्या पेशींपासून हवी तेवढी तयार करण्याची युक्ती काढली. प्रतिपिंड म्हणजे एकाच कुलपाला लागणारी किल्ली समजा. त्याच युक्तीवर मंगळूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातील संशोधकांनी या जखमेच्या रोगासाठी एक छोटी डबी तयार केली आणि 2013 मध्ये ती शास्त्रज्ञांपुढे मांडली. जखमेजवळचा तुकडा द्रावणात कुटायचा, त्याचे थेंब डबीतल्या पांढऱ्या पडद्यावर सोडायचे, मग प्रतिपिंडाचे आणि रंगाचे थेंब. रोगाचा जीव असला तर रंगीत ठिपका उमटतो. वीज नको, यंत्र नको, तळ्याच्या बांधावर बसून काही मिनिटांत काम. जपानात 2000 साली निघालेली दुसरी रीत रोगाच्या जनुकाचाच शोध घेते, आणि तिला साधारण 65 अंशांची एकसारखी उष्णता पुरते.

गुरुजींनी मुलांना हे दाखवावे असे मला वाटते, कारण नमुना कसा घ्यावा हे समजायला फार शिक्षण लागत नाही. मात्र दोन गोष्टी त्यांनी सांगाव्यात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील तर बहुधा तो रोग नव्हे. पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे, आणि तिथे डबी काही सांगणार नाही. दुसरे, एका रोगाची डबी दुसरा रोग ओळखत नाही. ठिपका उमटला नाही म्हणजे तळे निरोगी, असे समजून बीज शेजारच्या गावाला देऊ नये. मासा मरणाला टेकलेला पण जिवंत असताना घ्यावा. मेलेलाच मिळाला तर बर्फात ठेवावा, आणि मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याला कळवावे. जून 2023 पासून केंद्र सरकारचे 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइलचे साधनही निघाले आहे. त्यावरून तज्ज्ञाकडे खबर जाते. खबर जाईपर्यंत त्या तळ्यातले जाळे दुसऱ्या तळ्यात टाकू नका. आधी ते धुऊन कडक उन्हात चांगले वाळवा.