पाचशे दहा अंगुळांची भरती

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे, आणि याच जिल्ह्यातील पैठणचा, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानचा, व्यापार ज्या ग्रीक पुस्तकात नोंदला गेला, त्याच पुस्तकात भारतीय किनाऱ्यावरील भरती-ओहोटीचे अत्यंत बारकाईचे वर्णनही आहे. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हे ते पुस्तक इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिले. बारिगाझाच्या, म्हणजे भडोचच्या, दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, ही दोन मोठी पेठांची गावे असून तेथला माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला उतरतो, असे तो सांगतो. पैठणच्या गाड्यांना शेवटी नर्मदेच्या मुखाशी पाण्याची वाट पाहावी लागे, आणि ते पाणी तिथीप्रमाणे चाले.

अमावास्येला, तसेच पौर्णिमेला व पुढे तिसऱ्या दिवसापर्यंत पाणी चढते आणि मधल्या तिथींना ते ओसरते, हे पेरिप्लसकाराचे निरीक्षण वरवर पाहता साधे वाटते. परंतु त्यातील तीन दिवसांचा उल्लेख मोलाचा आहे. सर्वांत मोठी भरती पर्वतिथीलाच न येता एक-दोन दिवस मागाहून येते, कारण सागराच्या प्रचंड जलराशीला आकर्षणाच्या तालाशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. हा उशीर पोथीतून कळण्याजोगा नव्हे. तो काठावर उभ्या असलेल्या माणसालाच कळतो. हा माणूस ग्रीक नसून भडोचचा नावाडी होता, असे मानण्यास आधार आहे. राजाच्या चाकरीतले कोळी ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ नावाच्या होड्या घेऊन परदेशी जहाजांना सामोरे जात आणि भरतीचा वेग साधून, ओहोटी लागताच ठरावीक खोल जागी नांगर टाकून, त्यांना टप्प्याटप्प्याने भडोचला आणत, असे हाच ग्रंथ सांगतो. आणि ‘अंगविज्जा’ या जैन प्राकृत ग्रंथातील नौकांच्या यादीत तप्पक व कोट्टिंब ही नावे आढळतात. ज्यांच्याकडून होड्यांची नावे घेतली, त्यांच्याकडूनच तिथींचा हिशेबही घेतला असणार.

खरा चकित करणारा दुवा मात्र पुराणांत आहे. समुद्राचे पाणी वास्तविक वाढत किंवा घटत नाही, विस्तवावरील भांड्यातले पाणी जसे वर येते तसे ते चंद्रामुळे फुगते, असे विष्णुपुराण सांगते आणि या चढउताराचे माप पाचशे दहा अंगुळे इतके देते. हीच संख्या मत्स्यपुराणातही येते. चोवीस अंगुळांचा एक हात आणि हात सुमारे ४५ सेंटिमीटरांचा धरल्यास ५१० अंगुळे म्हणजे सव्वाएकवीस हात, अर्थात साडेनऊ मीटरांच्या आसपास. मुंबईला मोठ्या उधाणातही भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक साधारण ४ ते ५ मीटरांचा असतो, हुगळीच्या मुखाशीही तो त्याच घरात राहतो. सुमारे १० मीटरांचा फरक भारतात एकाच ठिकाणी दिसतो, तो खंभातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला. पुराणातला आकडा म्हणूनच भडोचच्या शेजारच्या पाण्यावर मोजलेला असावा आणि तो पैठणच्या वाटेने, सार्थवाहांच्या म्हणजे व्यापारी तांड्यांच्या नायकांच्या तोंडून, देशावर चढला असावा. पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत पैठणच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान कोरलेले आहे. असे व्यापारी आणि धर्मस्थाने यांचा संबंध इतका निकटचा होता, की आकड्याला पोथीत शिरण्यास वेगळी वाट शोधावी लागली नसती.

या मतावर एक बळकट आक्षेप घेता येतो. जैन खगोलात सूर्याच्या संचाराचे क्षेत्र जंबुद्वीपावर १८० आणि लवणसमुद्रावर ३३० अशी ५१० योजने मानलेले आहे. तेव्हा ही संख्या मोजमापाची नसून विश्वरचनेच्या ठरीव आकड्यांपैकी एक असेल, असे म्हणता येईल. आक्षेप हलका नाही. पण योजनांचा आकडा अंगुळांत उतरावा आणि उतरल्यावर नेमका भारतातल्या सर्वांत मोठ्या भरतीशी जुळावा, हा योगायोग आक्षेपकालाही थोडा अवघड जाईल. शिवाय विश्वरचनेला अंगुळे लागत नाहीत. अंगुळे काठी रोवून पाणी मोजणाऱ्याला लागतात.

कारणमीमांसेचे पुढचे टप्पे सर्वज्ञात आहेत: केप्लरने १६०९ मध्ये चंद्राचे आकर्षण सुचवले, गॅलिलिओने १६३२ मध्ये ते धुडकावले, न्यूटनने १६८७ मध्ये ते सिद्ध केले. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा अधिक ओढले जाते आणि पलीकडच्या बाजूचे कमी, म्हणून दोन्हीकडे फुगवटा येऊन दिवसाला बहुधा दोन भरत्या होतात. ओढीतला हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे प्रचंड सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येऊन उधाण येते, अष्टमीच्या सुमारास काटकोनात येऊन भांगाची म्हणजे लहान भरती होते. खंभातला त्यात आखाताच्या निमुळत्या, उथळ होत जाणाऱ्या आकाराची भर पडते.

कोकणातली तिथीची पाऊणपट मात्र भडोचहून आलेल्या ज्ञानाच्या या वंशावळीत बसत नाही. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ तासांत मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा. हा हिशेब घड्याळाच्या काळातला असणार, कारण पाऊण तास हा दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा, सोयीसाठी कापलेला तुकडा आहे. तीस तिथींना दोन-दोन घटिका दिल्या, की साठ घटिकांचा अहोरात्र बरोबर भरतो. परंतु हे गणित मुंबई-कोकणात जमते ते तेथे पर्वतिथीची भरती बाराच्या आसपास येते म्हणून. खंभातच्या आखातात तीच लाट काही तास उशिरा पोहोचते आणि पाऊणपट तेथे साफ चुकते. याचा अर्थ भडोचने देशाला भरतीची उंची दिली आणि वेळेचे गणित कोकणातल्या कोळ्यांनी आपल्या खाडीच्या तोंडाशी निराळे बसवले. पैठणच्या पंचांगकर्त्यांना घटिका नित्य लागत असल्या, तरी भरतीसाठी त्या दुप्पट करण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते.