तळटीप १४ : ‘ड्युरँडचे स्कॉटिश गडी’

१४. हे पगारी खेळाडू नव्हेत, पलटणीतले शिपाई. त्यांच्या मायदेशी ग्लासगोचा पाथरवट फर्गस सूटर १८७८मध्ये इंग्लंडातल्या डार्वेन क्लबात गेला. पहिल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंत त्याची गणना होते. पैसे घेऊन खेळणे इंग्लंडात १८८५ला, स्कॉटलंडात १८९३ला नियमात बसले. इकडे सिमल्याला १८८८मध्ये पहिला ड्युरँड करंडक रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्सने जिंकला. पुढे हायलँड लाइट इन्फन्ट्री (१८९३–९५) आणि ब्लॅक वॉच (१८९७–९९) यांनी लागोपाठ तीन-तीनदा. १९४०मध्ये स्पर्धा दिल्लीस आली. आयर्विन अँफिथिएटरवर (आजचे मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियम) कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर पलटणीला २–१ असे हरवले. करंडक जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. लेखकाला अभिप्रेत असलेला ‘दिल्लीचा तो डिसेंबर’ हाच. — संपादक