अंधारात उजळलेले जहाज

काळ्याकुट्ट आकाशावर एक पांढरेशुभ्र जहाज. डोलकाठ्या, दोरखंड, शिड्या, सारे काही हिमकणांनी मढलेले आणि आतून पेटल्यासारखे चमकणारे. आजूबाजूला बर्फाचे उंचवटे. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजाचे हे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी एखाद्या पुस्तकात किंवा माहितीपटात पाहिले असेल. पाहताना वाटते की चंद्रप्रकाश असावा. पण तो चंद्रप्रकाश नव्हे. २७ ऑगस्ट १९१५ च्या रात्री फ्रँक हर्ली या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने तो उजेड स्वतःच्या हातांनी तिथे नेऊन ठेवला होता.

आज हौशी छायाचित्रकार रात्री टॉर्च घेऊन जे प्रयोग करतात आणि ज्याला ‘लाइट पेंटिंग’ म्हणतात, त्याचा हा एक जुना आणि अतिशय सुंदर नमुना आहे. शिवाय या गोष्टीचा एक धागा आपल्या न्यूझीलंडमध्ये येऊन पोहोचतो. म्हणून यंदाच्या अंकात तिच्याविषयी थोडेसे.

आकारोआचा कप्तान

अंटार्क्टिकाच्या शोधमोहिमांशी न्यूझीलंडचा संबंध जुना आहे. स्कॉट यांचे ‘डिस्कव्हरी’ १९०१ मध्ये, शॅकल्टन यांचे ‘निमरॉड’ १९०८ मध्ये आणि पुन्हा स्कॉट यांचे ‘टेरा नोव्हा’ १९१० मध्ये, ही तिन्ही जहाजे ख्राइस्टचर्चजवळच्या लिटलटन बंदरातून दक्षिणेकडे गेली. ‘एन्ड्युरन्स’ मात्र इंग्लंडहून निघून दक्षिण अटलांटिकमार्गे वेडेल समुद्रात शिरले. पण त्याचा कप्तान फ्रँक वर्स्ली हा आपल्या इथला, १८७२ मध्ये आकारोआला जन्मलेला. आकारोआला सहलीला गेलात तर धक्क्याजवळचा त्याचा अर्धपुतळा जरूर पाहा.

जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात रुतले ते सुटलेच नाही. २८ माणसे, कुत्री आणि पुढे ध्रुवावरची लांबलचक रात्र. मे महिन्यात सूर्य दिसेनासा झाला तो जुलैच्या अखेरीस परतला. बर्फाचा दाब वाढत होता. जहाज टिकेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

मॅग्नेशियमचा उजेड

हर्लीने त्या रात्री काय केले ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. छायाचित्रण जन्मले तेच उन्हाच्या भरवशावर. काचा इतक्या मंद होत्या की सूर्य मावळला की काम बंद. गुहा, खाणी, तळघरे ही सारी छायाचित्रकाराला बंदच होती. पॅरिसच्या नादारने १८६१ च्या सुमारास भुयारांमध्ये विजेचे दिवे नेले, पण त्यासाठी जडजंबाल बॅटऱ्या ओढाव्या लागत.

मग मॅग्नेशियम आले. या धातूची तार पेटवली की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो. १८६४ मध्ये मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्सने इंग्लंडमधल्या एका गुहेत या प्रकाशात छायाचित्र काढले. १८६५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथने इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत तोच प्रयोग केला. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी आणि झटकन पेट घेणारी रसायने मिसळून ‘फ्लॅश पावडर’ बनवली. क्षणात भडका, मोठा उजेड आणि मागून धुराचा लोट. त्या काळी ‘फ्लॅशलाइट’ म्हणजे हाच भडका. आपण ज्याला टॉर्च, विजेरी किंवा सरळ ‘बॅटरी’ म्हणतो ती वस्तू तेव्हा नुकती कुठे बाळसे धरत होती.

स्कॉट यांच्या मोहिमेतल्या हर्बर्ट पाँटिंगने हीच पावडर वापरून लाकडी झोपडीतले जीवन टिपले. ६ जून १९११ ला स्कॉट यांच्या वाढदिवसाच्या जेवणाचा फोटो असाच काढलेला आहे. ती झोपडी आणि तिच्यातली पाँटिंगची डार्करूम केप इव्हान्सला आजही उभी आहे. तिची निगा न्यूझीलंडचा अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्ट राखतो.

वीस भडके, एक काच

झोपडीतल्या जेवणाच्या टेबलाला एखादा भडका पुरतो. हर्लीपुढे अख्खे जहाज होते. एकाच जागेवरून कितीही मोठा भडका केला तरी जवळचा बर्फ पांढराफटक पडला असता आणि जहाज मागे अंधारातच राहिले असते. शिवाय कॅमेऱ्याशेजारून येणारा उजेड सगळे सपाट करून टाकतो.

म्हणून त्याने उजेडाचे तुकडे केले. बर्फाच्या ठळक उंचवट्यांमागे आडोशाला भडके लावले. एकूण सुमारे वीस, त्यांतले दहा केवळ जहाज उजळण्यासाठी. यामागचे तत्त्व साधे आहे. भोवती पुरेसा अंधार असेल, तर भिंग उघडे असूनही काचेवर फारसे काही उमटत नाही. काच वाट पाहत राहते. जिथे उजेड पडेल तेवढाच भाग तिच्यावर नोंदला जातो. मग दुसरा भाग, मग तिसरा. आधीचे पुसले जात नाही, त्यात भर पडत जाते. कोऱ्या कागदावर रेघोट्या ओढाव्यात तशी अंधारावर उजेडाची रेघ ओढता येते.

हर्लीने नंतर लिहिले आहे, की एकामागून एका भडक्याने डोळे दिपून तो निम्मा आंधळा झाला, उंचवट्यांमध्ये दिशा चुकला, नडगी फोडून घेत बर्फाच्या ढिगांत धडपडला. आपल्याला दिसते ते शांत, स्तब्ध चित्र. त्यामागची ही धावपळ त्यात कुठे दिसत नाही.

आता कोणी विचारील, हे खरे छायाचित्र म्हणायचे का? असे जहाज त्या रात्री कोणाच्याही डोळ्याला एका क्षणात दिसलेले नाही. हर्लीचे या बाबतीत नावही फारसे चांगले नव्हते. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, त्याने वेगवेगळ्या काचा जोडून युद्धाची दृश्ये रचली आणि त्यावरून इतिहासकार चार्ल्स बीन यांच्याशी त्याचा मोठा वाद झाला. पण हे चित्र वेगळे आहे. इथे बाहेरून काही आणून चिकटवलेले नाही. जे अंधारात होतेच, त्यावर माणसाने कष्टाने उजेड नेला, इतकेच. आपल्या भाषेत ‘छायाचित्र’ आणि ‘प्रकाशचित्र’ असे दोन्ही शब्द आहेत. या फोटोला दुसरा अधिक शोभतो.

काचा वाचल्या, जहाज गेले

दोनच महिन्यांनी, २७ ऑक्टोबर १९१५ रोजी, चिरडलेले जहाज सोडावे लागले. काचा आतच राहिल्या होत्या. हर्लीने बर्फाळ पाण्यात उतरून त्यांचे डबे बाहेर काढले. पण पुढचा प्रवास बर्फावरून आणि छोट्या होड्यांतून, वजन परवडणार कसे? हर्ली आणि शॅकल्टन बर्फावर बसले, एकेक काच पाहिली, सुमारे १२० ठेवल्या आणि मोह नको म्हणून उरलेल्या सुमारे ४०० तिथेच फोडल्या. मोठे कॅमेरेही टाकले. हर्लीकडे उरला एक खिशातला कोडॅक आणि तीन रोल. २१ नोव्हेंबरला ‘एन्ड्युरन्स’ बुडाले.

पुढे एप्रिल-मे १९१६ मध्ये शॅकल्टन, वर्स्ली आणि चार साथीदार ‘जेम्स केअर्ड’ या छोट्या होडीतून सुमारे १५०० किलोमीटरचा खवळलेला समुद्र ओलांडून साउथ जॉर्जियाला पोहोचले. ढगांतून सूर्य क्वचितच डोकावत होता, तेवढ्यावर वर्स्लीने दिशा राखली. ३० ऑगस्ट १९१६ ला एलिफंट बेटावरचे उरलेले सगळे सुटले. २८ पैकी एकही माणूस दगावला नाही.

जहाज बुडाले त्या जागेची वर्स्लीने केलेली नोंद शंभर वर्षांनंतर कामी आली. ५ मार्च २०२२ रोजी तिच्यापासून सुमारे साडेसात किलोमीटरवर, ३००८ मीटर खोल, ‘एन्ड्युरन्स’ सापडले. तिथे सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. पाण्याखालच्या यंत्राने स्वतःचे दिवे घेऊन जहाजाभोवती फिरून हजारो फोटो काढले आणि ते जुळवून संपूर्ण जहाजाची प्रतिमा तयार झाली. साधने बदलली, रीत तीच.

आपल्या हातातली बॅटरी

टॉर्चमुळे हे काम सोपे झाले. अमेरिकेत १९१४ च्या सुमारास गिलब्रेथ दांपत्याने कामगारांच्या हाताला छोटे दिवे बांधून हालचालींच्या रेषा फोटोत टिपल्या. १९४९ मध्ये जॉन मिली या छायाचित्रकाराने पिकासोच्या हातात छोटा दिवा दिला आणि पिकासोने हवेत चित्रे काढली.

आपल्या मुलांना हे घरीच करता येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे दिवस मोठा, त्यामुळे दिवाळीत अंधाराची वाट जरा जास्त पाहावी लागते, पण मग मजा येते. कॅमेरा तिपाईवर पक्का ठेवा. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ आणि शटर वीस-तीस सेकंद उघडे. फोकस आधी टॉर्चच्या उजेडात ठरवून घ्या आणि मग तो ऑटोवरून काढा. गडद कपडे घालून कॅमेऱ्याच्या बाजूने फिरा, टॉर्च सतत हलती ठेवा आणि भिंगाकडे रोखू नका. कॅमेऱ्याशेजारून सरळ उजेड टाकण्यापेक्षा कडेने टाकलात तर झाडाच्या खोडाला, दगडी भिंतीला उठाव येतो. हर्लीने उंचवट्यांमागे भडके ठेवले ते यासाठीच.

फुलबाजीनेही हे जमते. फुलबाजीच्या मसाल्यात मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमची भुकटी असते, म्हणजे ती फ्लॅश पावडरची सौम्य धाकटी बहीणच. मुलांनी कॅमेऱ्याकडे तोंड करून हवेत ‘शुभ दीपावली’ लिहिले तर फोटोत अक्षरे उलटी येतील. नंतर संगणकावर फोटो आडवा फिरवला की सुलटी होतात. शिरोरेघ शेवटी एका दमात ओढावी. पाण्याची बादली मात्र जवळ असू द्या.

एक पथ्य पाळायला हवे. वाइटोमोच्या काजवेगुहेत फोटो काढायला मनाई आहे, कारण तिथला प्रकाश त्या जीवांचा आहे. टेकापोच्या परिसराला २०१२ मध्ये ‘डार्क स्काय रिझर्व्ह’चा दर्जा मिळाला. तिथे तारे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर पांढरा झोत टाकणे म्हणजे त्यांची रात्र वाया घालवणे. अशा ठिकाणी टॉर्च लाल कागदाने झाकावी, नाहीतर विझवावी. उजेड कुठे न्यायचा याइतकेच तो कुठे न्यायचा नाही हे कळणेही या कलेत येते. आणि अंधाराच्या बाबतीत आपण इथे भाग्यवान आहोत. शहरापासून तासभर गाडी हाकली की मुलांना खराखुरा अंधार दाखवता येतो. पुढच्या सुट्टीत तिपाई आणि बॅटरी गाडीत टाकायला विसरू नका.