तेवीस फाउंड्र्या, एक कंपनी आणि खिळ्यांवरचा भरवसा

लॅपटॉपवर किंवा फोनमधल्या पोस्टर बनवायच्या ॲपमध्ये फॉन्टची यादी कधीतरी शेवटपर्यंत खाली सरकवून बघा. फ्रँकलिन गॉथिक, कॉपरप्लेट, सेंच्युरी स्कूलबुक, न्यूज गॉथिक, कूपर ब्लॅक... यातलं एखादं तरी नाव भेटेलच. ही सगळी अक्षरं एकेकाळी शिशाची होती, वजनावर विकली जायची आणि बहुतेक एकाच कंपनीच्या नावावर होती. अमेरिकन टाइप फाउंडर्स. आपण सोयीसाठी तिला एटीएफ म्हणू. आजची गोष्ट तिची आहे, आणि तिच्यापेक्षा जास्त तिच्या गिऱ्हाइकांची.

काही जणांनी विचारलं होतं की दोन कंपन्या एक झाल्या की गिऱ्हाईक का बिथरतं? दुकान तेच, माल तोच, बिलावरचं नाव तेवढं बदललं. मग एवढं काय? मला वाटतं मोबाइलचं सिमकार्ड किंवा बँक घेऊन हा प्रश्न नीट कळत नाही. ज्याचं पोट एका खास अवजारावर चालतं आणि ते अवजार मोजक्याच ठिकाणी मिळतं, अशा माणसाकडे बघायला हवं. एकोणिसाव्या शतकातला छापखानेवाला हा तसा माणूस.

आधी त्याचा धंदा समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू ओतून एकेका अक्षराचा खिळा पाडायचा. जुळारी ते खिळे केसमधून एकेक उचलून ओळ जुळवणार, छपाई झाली की खिळे परत आपापल्या खणात. हा धातू मऊ. खिळे झिजतात, मोडतात, हरवतात. शिवाय मजकूरही सारखा नसतो. एखाद्या दरपत्रकात आकडेच आकडे असतात आणि शून्य संपून जातं. मग फाउंड्रीला कळवायचं, बाबा रे, अमुक अक्षराचे एवढे खिळे पाठव.

म्हणजे छापखानेवाल्याची खरेदी एकदा होऊन संपत नाही. पहिला संच घेतला की पुढची पंधरा-वीस वर्षं त्याच फाउंड्रीकडून भर घालत राहायची. दुसरीकडून घेता येईल का? घ्या की. पण पायका नावाचं माप एका फाउंड्रीचं थोडं मोठं, तर दुसरीचं थोडं लहान. केसांच्या जाडीइतका फरक, पण ओळीत चाळीस-पन्नास खिळे असले की सगळं डगमगतं. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, जुळाऱ्याला बोटांनी अक्षर सुलटं की उलटं ते कळावं म्हणून. तीही प्रत्येक फाउंड्रीची वेगळी. त्यामुळे निष्ठा वगैरे शब्द आपण वापरतो ते ठीक, पण त्यातली निम्मी निष्ठा ही अडकलेपणाची होती. छापखान्यातल्या लाकडी कपाटांत मालकाचं भांडवल पडलेलं असायचं आणि त्या भांडवलाची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असायची. ती फाउंड्री उद्या बंद पडली, किंवा त्या अक्षराचा साचा तिने टाकून दिला, तर कपाटातला माल भंगाराच्या भावाचा.

हे एकदा अगदी टोकाला गेलं. १८७१ मध्ये शिकागो शहर जळालं, त्यात मार्डर, लूस ही फाउंड्रीही गेली. सगळं नव्यानेच उभं करायचं तर मापंही नीट करू, असं ठरवून त्यांनी बाराचा एक पायका अशी पॉइंटची पद्धत पुढे रेटली. बाकीच्यांना ते सोयीचं नव्हतं. कारण उघड आहे, माप एक झालं की गिऱ्हाईक मोकळं झालं. पण १८८६ मध्ये अमेरिकेतल्या फाउंड्र्यांच्या संघटनेने शेवटी पॉइंट पद्धत मान्य केली, आणि पायका कोणाचा धरायचा तर फिलाडेल्फियाच्या मॅकेलर, स्मिथ्स अँड जॉर्डन यांचा. सगळ्यात दांडगी फाउंड्री ती, तिची मुळं १७९६ पर्यंत जाणारी. तुमच्या फोनमध्ये आज फॉन्ट साइझ १२ दिसते ना, ती १२ इथून आलेली.

आता त्याच वर्षी, जुलै १८८६ मध्ये, न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या छापखान्यात ओटमार मेर्गेनथालर यांचं लिनोटाइप यंत्र चालू झालं. कळफलकावर बसा, अख्खी ओळ ओतून तयार. वर्तमानपत्रं म्हणजे फाउंड्र्यांची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं, टनांनी बारीक अक्षर घेणारी. ती एकेक करून हातातून जाणार हे भिंतीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. उरणार कोण? जाहिराती, लग्नपत्रिका, पावतीबुकं छापणारे छोटे छापखाने. तेवढ्यासाठी दोन डझन फाउंड्र्या एकमेकींचे भाव पाडत बसल्या होत्या.

म्हणून १८९२ मध्ये तेवीस फाउंड्र्या एकत्र आल्या आणि एटीएफ झाली. देशात पडणाऱ्या खिळ्यांपैकी सुमारे ८५ टक्के माल या एका नावाखाली.

इथे एक शब्दाची गंमत आहे, थांबून सांगतो. त्या काळच्या अमेरिकेत अशा जुळणीला 'ट्रस्ट' म्हणायचे. तेलाचा ट्रस्ट, साखरेचा ट्रस्ट. १८९० मध्ये त्यांच्याविरुद्ध शर्मन कायदाही झाला होता. म्हणजे 'ट्रस्ट' म्हटलं की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर विश्वास यायचाच नाही, गळा आवळणारा हात यायचा. टाइपवाल्यांनाही तेच नाव चिकटलं.

कंपनीला हे कळत नव्हतं असं नाही. सुरुवातीची काही वर्षं तिने जुन्या पाट्या उतरवल्याच नाहीत. नमुन्यांच्या पुस्तकावर मोठ्या अक्षरात मॅकेलर, स्मिथ्स अँड जॉर्डन आणि त्याखाली शाखा म्हणून अमेरिकन टाइप फाउंडर्स. पाटीमागे मात्र व्यवहार वेगळाच चालला होता. १८९४ पासून रॉबर्ट नेल्सन यांच्या हातात कारभार आला. एकाच कामाचे अनेक कारखाने चालवणं परवडत नाही हे त्यांनी ओळखलं, आणि वेगवेगळ्या गावांतली ओतकामं हळूहळू गुंडाळून १९०३ मध्ये सगळं जर्सी सिटीत आणलं. हिशेबाच्या वहीत हे बरोबरच दिसतं. पण सेंट लुईसच्या छापखानेवाल्याच्या बाजूने बघा. कालपर्यंत फाउंड्री गावात होती. ओतकाम करणारा माणूस ओळखीचा होता. उधारीही त्याच ओळखीवर चालायची, अख्खा छापखाना उधारीवर उभा करून देणाऱ्या फाउंड्र्या होत्या. आता ती ओळख हजारभर मैलांवरच्या एका शहरात, एका फाइलमध्ये.

ही नस बरोबर पकडली ती सेंट लुईसच्याच तीन भावांनी. आडनाव श्राउबस्टॅटर. त्यांचे वडील सेंट्रल टाइप फाउंड्रीचे एक मालक, आणि ती फाउंड्री १८९२ मध्ये एटीएफला विकली गेलेली. दोन वर्षांनी, १८९४ मध्ये, मुलांनी त्याच गावात इनलँड टाइप फाउंड्री काढली.

त्यांनी काय केलं ते मला फार आवडतं, कारण त्यांनी नुसतं 'आम्ही ट्रस्टमध्ये नाही' म्हणून भागवलं नाही. पॉइंट पद्धतीने खिळ्याची बाहेरची मापं एक केली होती, पण खिळ्यावर अक्षर नेमकं किती उंचीवर बसतं ते प्रत्येक अक्षरवळणाचं वेगळंच राहिलं होतं. एका ओळीत दोन वळणं वापरली की एक शब्द वर, एक खाली. आपल्याकडे देवनागरीत हा घोळ लगेच समजतो. दोन ठिकाणचे खिळे शेजारी ठेवा, शिरोरेघ तुटते आणि आंधळ्यालाही दिसावं इतकं वाईट दिसतं. रोमनमध्ये रेघ वर नसते, खाली असते, आणि ती अदृश्य असते, एवढाच फरक. मग जुळारी बिचारा कागदाच्या पट्ट्या कापून वर-खाली घालत बसायचा. इनलँडने जाहीर केलं की आमचं प्रत्येक अक्षर, कोणत्याही वळणाचं, एका मापातलं असेल तर एकाच रेघेवर बसेल. 'स्टँडर्ड लाइन' नाव दिलं.

म्हणजे नव्या कंपनीने गिऱ्हाइकाला सांगितलं की आमच्याकडून घेतलंस तर कपाटातल्या मालाची किंमत वाढेल. आणि ज्या कंपनीकडे तेवीस फाउंड्र्यांचे साचे होते, तिला नेमकं हेच अवघड होतं. तेवीस घरांची अक्षरं, तेवीस रेघा. पण करावंच लागलं. एटीएफनेही एका रेघेवरची अक्षरं आणली, १९०६ च्या जाडजूड नमुनापुस्तकाचं नावच 'अमेरिकन लाइन टाइप बुक'. मोठ्याने धाकट्याचं ऐकलं ते प्रेमाने नव्हे, गिऱ्हाईक उठून चाललं होतं म्हणून.

यातून एटीएफचं एक भलं झालं. विलीनीकरणात मिलवॉकीच्या लिन बॉइड बेंटन यांची फाउंड्री आली होती आणि तिच्याबरोबर त्यांचं पंच कोरायचं यंत्र. आधी पंच कारागीर हाताने, भिंगाखाली, पोलादावर कोरायचा. या यंत्रात मोठ्या आकाराच्या नकाशावरून अक्षर लहान करून कोरता येई. (लिनोटाइपवाल्यांनाही साच्यांसाठी हेच यंत्र भाड्याने घ्यावं लागलं. ज्याने धंदा बुडवायला घेतला त्याचीच हत्यारं आपण पुरवायची, असाही योग असतो.) बेंटन यांचा मुलगा मॉरिस फुलर बेंटन त्या यंत्रावर एकामागून एक अक्षरं करत गेला. फ्रँकलिन गॉथिक १९०२ ची, न्यूज गॉथिक १९०८ ची. चेल्टनहॅमला तर त्याने जाड, बारीक, अरुंद, तिरपी अशी भावंडांची रांगच जोडली. एक घेतलं की दुसरं हवंसं वाटणार, आणि दोन्ही एकमेकांशी जुळणार याची खात्री. पूर्वी गिऱ्हाईक मापात अडकलेलं होतं, आता ते आपल्या पायांनी येऊ लागलं. मला वाटतं एटीएफवरचा भरवसा खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला, म्हणजे विलीनीकरणानंतर दहा-बारा वर्षांनी.

आणि तरी याच कंपनीने १९११ मध्ये जे केलं ते बघा. त्या वर्षी तिने इनलँड विकत घेतली. भावांची फाउंड्री संपली, सामान वाटलं गेलं. त्याच वर्षी शिकागोची बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर ही ट्रस्टबाहेरची दुसरी मोठी फाउंड्रीही घेतली, पण एका अटीवर. वीस वर्षं ती वेगळीच चालेल. कामगारांना दुसरी सोय बघायला किंवा निवृत्त व्हायला वेळ मिळावा, असा हेतू सांगितला जातो, आणि तो चांगलाच आहे. पण परिणाम काय झाला? नाव वेगळं, नमुनापुस्तक वेगळं, विकणारी माणसं वेगळी. 'मला ट्रस्टचा माल नको' म्हणत जो छापखानेवाला बार्नहार्टकडे जायचा, त्याचे पैसे शेवटी ट्रस्टच्याच तिजोरीत. तुमच्या टी-शर्टांवर आणि कॅफेच्या पाट्यांवर दिसणारं ते गुबगुबीत कूपर ब्लॅक या बार्नहार्टने १९२२ मध्ये काढलं, मालकी एटीएफची असताना.

याला फसवणूक म्हणायचं का? मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाला माल चांगलाच मिळाला. पण निवड करायची सोय त्याच्याकडून गेली आणि ती गेल्याचं पाटीवर कुठे दिसत नव्हतं. मला हे भाव वाढवण्यापेक्षा जास्त खुपतं.

आपल्याकडचा धागा इथे जोडतो. मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडले, आणि तिथल्या फाउंड्रीत काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६४ मध्ये स्वतःचा खिळे पाडायचा कारखाना काढला. तोच पुढे निर्णयसागर. जावजी वारले १८९२ मध्ये, म्हणजे तिकडे तेवीस फाउंड्र्या एक होत होत्या त्याच वर्षी. निर्णयसागरचं नाव मराठी आणि संस्कृत छपाईत का टिकलं, तर अक्षर देखणं म्हणून, हे खरंच. पण जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वरच्या-खालच्या मात्रा, असे शेकडो वेगळे खिळे लागणाऱ्या लिपीत छापखानेवाल्याला त्याहून मोठी गरज असते. आज मागवलेला 'क्ष' पाच वर्षांपूर्वीच्या 'क्ष'शेजारी बसला पाहिजे.

एटीएफचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९२३ चं तिचं नमुनापुस्तक हजार पानांच्या वर आहे, त्या धंद्यातलं शिखरच. हेन्री लुईस बुलेन यांनी १९०८ मध्ये कंपनीतच छपाईविषयीच्या पुस्तकांचं ग्रंथालय थाटलं होतं, ते पुढे कोलंबिया विद्यापीठाकडे गेलं. १९३३ मध्ये मंदीत कंपनीचं दिवाळं निघालं. ती सावरली, पण मग ऑफसेट आलं, फोटोटाइप आलं, आणि शिशाच्या खिळ्यांची गरजच उरली नाही.

शेवट १९९३ मध्ये, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावात. लिलाव झाला. कपाटंच्या कपाटं भरून साचे होते, त्या तेवीस घरांपासून चालत आलेले. हाताने खिळे पाडणाऱ्या काही मोजक्या हौशी आणि धंदेवाईक लोकांनी जमतील तेवढे साचे घेतले. अजूनही अमेरिकेत एखाद्या छोट्या छापखान्याला जुन्या संचातलं एखादं अक्षर कमी पडलं, तर तो अशाच कोणाचा तरी फोन नंबर शोधतो. बाकीचे बरेचसे साचे पितळेचे होते. ते वजनावर गेले.